एका केबलवर अख्खे कार्यालय नको : भालकी तालुक्यातील नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
बीदर.

मार्फत : मा. तहसीलदार साहेब, भालकी.

विषय : भालकी तालुक्यातील सरकारी कार्यालयांच्या नेटवर्क स्विचांमध्ये लिंक अ‍ॅग्रिगेशन, म्हणजेच पोर्ट ट्रंकिंग, करून दुहेरी जोडणी देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे भालकी तालुक्यातील शेतकरी, विद्यार्थी, सेवा केंद्रचालक आणि संगणक तंत्रज्ञ हे निवेदन संविधानाच्या कलम ३५० अन्वये मराठीतून सादर करीत आहोत. कन्नड भाषांतर सोबत जोडले आहे.

जमिनीच्या नोंदींचा भूमी प्रकल्प आला आणि हस्तलिखित पहाणीची, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याची, जागा संगणकीय पहाणीने घेतली. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, फेरफार, पेन्शन ही कामेही आता संगणकाशिवाय होत नाहीत. या बदलाचे आम्ही स्वागतच केले आहे. मात्र जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश आणि खरिपाची पेरणी एकदमच येतात, खिडकीसमोर रांग लागते आणि आतून उत्तर मिळते, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ खेड्यावरून आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि बसभाडे अंगावर पडते.

तालुक्यातील एका सरकारी इमारतीत असा बिघाड आमच्यातील तंत्रज्ञांनी जवळून पाहिला. बाहेरून येणारी फायबर शाबूत होती आणि तळमजल्यावरचे संगणक व्यवस्थित चालत होते. खालचा आणि वरचा स्विच जोडणारी एकुलती एक केबल तेवढी निकामी झाली होती. वरच्या मजल्याचे सारे काम त्या केबलवर होते. दोन्ही स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, प्रकारचे होते आणि त्यांवर पोर्टही रिकामे होते. दुसरी केबल आधीच टाकून ती नीट बसवलेली असती, तर त्या दिवशी एकही माणूस परत गेला नसता.

दुसरी केबल नुसती खोचून मात्र भागत नाही. दोन स्विचांमध्ये दोन केबली तशाच लावल्या तर लूप तयार होतो, तेच संदेश गोल फिरत राहतात आणि सगळे नेटवर्क गुदमरते. स्विचमध्ये लूप रोखणारी स्पॅनिंग ट्री ही सोय चालू असेल तर तो दुसरी केबल बंद करून ठेवतो. पहिली तुटली की ती चालू होते, पण एरवी निकामी पडून राहते. लिंक अ‍ॅग्रिगेशनमध्ये दोन्ही केबली मिळून एकच जोडणी मानली जाते. काम दोन्हींवर वाटले जाते आणि एक तुटली तर तिचा भार दुसरी उचलते. यासाठीचे आयईईई ८०२.३एडी हे मानक २००० साली आले आणि २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली गेले. त्यातील एलएसीपी या पद्धतीने दोन्ही टोकांचे स्विच एकमेकांना सतत संदेश पाठवून जोडणी बरोबर आहे का, ते तपासतात. फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा मीडिया कन्व्हर्टर मध्ये असेल तर पोर्टचा दिवा पेटलेला राहतो आणि पलीकडची वाट मात्र बंद असते. असा छुपा बिघाडही एलएसीपी ओळखतो : साध्या वेळमापात ९० सेकंदांत, जलद वेळमापात ३ सेकंदांत.

या उपायाची मर्यादाही आम्ही स्पष्ट करतो. एका संगणकाचे एक काम एका वेळी एकाच केबलवरून जाते. त्यामुळे एखादी फाइल दुप्पट वेगाने उतरणार नाही आणि बाहेरचे इंटरनेट मंद असेल तर ते जलद होणार नाही. आमची मागणी इमारतीच्या आतला रस्ता बंद पडू नये एवढीच आहे.

दुसरी वाट हाताशी ठेवण्याचे हेच तत्त्व सरकारने मोठ्या प्रमाणावर मान्य केले आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात फायबरची रचना रिंगची ठरली, म्हणजे एका बाजूने फायबर तुटली तरी दुसऱ्या बाजूची वाट उरते. गावापर्यंत दोन वाटा आणि कार्यालयाच्या आत एकच, ही विसंगती दूर व्हावी.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. तालुक्यातील सर्व सरकारी कार्यालये, नाडकचेऱ्या आणि ग्रामपंचायतींच्या अंतर्गत नेटवर्कची पाहणी ९० दिवसांत करावी. कोणते स्विच मॅनेज्ड आहेत, कोणते पोर्ट रिकामे आहेत आणि कुठे एकाच केबलवर काम चालते, याची यादी जाहीर करावी.

२. जिथे स्विचांमध्ये एलएसीपीची सोय आधीच आहे, तिथे नवीन खरेदीची वाट न पाहता दुसरी केबल टाकून जोडणी सुरू करावी.

३. दोन्ही केबली शक्य तिथे वेगवेगळ्या मार्गाने न्याव्यात. एकाच पाइपमधून नेल्या तर उंदीर किंवा खोदकाम दोन्हींचा एकदमच घात करते.

४. यापुढील निविदांत नुसते ‘ट्रंकिंग’ असे लिहू नये. काही कंपन्या हा शब्द पोर्ट एकत्र करण्यासाठी वापरतात, तर काही अनेक व्हीएलएएन (आभासी उपनेटवर्क) वाहणाऱ्या पोर्टसाठी. ‘आयईईई ८०२.१एएक्स, एलएसीपीसह’ अशी स्पष्ट अट घालावी.

५. कंत्राटदाराचे देयक देण्यापूर्वी अधिकाऱ्यांसमोर चाचणी घ्यावी. पहाणीची छपाई चालू असताना एक केबल काढावी आणि काम अखंड चालले तरच काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा.

६. केबलींचा नकाशा, स्विचची सेटिंग आणि पासवर्ड कार्यालयात सुरक्षित ठेवावेत. कंत्राटदार बदलला म्हणून कार्यालय अडून राहू नये.

७. पाहणी आणि देखभालीत भालकीच्या भीमण्णा खंड्रे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून सामावून घ्यावे.

८. खर्चासाठी कलबुर्गी येथील कल्याण कर्नाटक प्रादेशिक विकास मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा. संविधानाच्या कलम ३७१ (जे) मुळे या भागाला विकासाचा जो विशेष हक्क मिळाला आहे, त्यात हे काम बसते.

महोदय, कर्नाटक सकाल सेवा अधिनियम, २०११ ने नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क काही मीटर केबलअभावी अडू नये. वरील मागण्यांवर कार्यवाही करून ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि पुढच्या खरिपाच्या गर्दीपूर्वी काम पूर्ण करावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
भालकी तालुक्यातील नागरिक

सोबत : कन्नड भाषांतर आणि सह्यांची यादी.