मेसमागचे चार वाफे

मेसच्या भाजीला नावं ठेवण्यात आपल्या होस्टेलचा हात कुणी धरणार नाही. पण मेसमागे चार वाफे करू म्हटलं, की उत्तर ठरलेलं : 'मग इंजिनिअरिंगला कशाला आलो?' गंमत म्हणजे असं म्हणणारी निम्मी पोरं शेतकऱ्यांचीच. मीही त्यातलाच.

मित्रांनो, परभणीचा हिवाळा म्हणजे पालेभाजीचे दिवस. दिवाळीच्या सुट्टीहून आल्यावर मेथी टाकली, तर महिनाभरात काढायला येते. पालक उपटायचा नाही. दोन बोटं ठेवून कापला की पुन्हा फुटतो. धने मात्र रगडून, दोन फाकी करूनच पेरावेत. सगळं एकदम न पेरता दर आठ दिवसांनी एक वाफा पेरला, तर संक्रांतीपर्यंत ताजी भाजी मिळत राहील. आपली काळी जमीन ओल धरते, त्यामुळे पाणी बेतानंच द्यायचं. जास्त झालं तर मुळं कुजतात. मेसमध्ये तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी गटारात जातं, ते इकडे वळवू. साबणाचं मात्र नको.

'परभणी क्रांती' भेंडी आपल्याच गावच्या कृषी विद्यापीठाची. तिथं शेती हा अभ्यासाचा विषय आहे, मग आपल्यालाच लाज कसली?

चार वाफ्यांनी मेसचं बिल कमी होणार नाही, मान्य. पण हिवाळ्यात मेथीचे भाव पडतात, तेव्हा एका जुडीमागे घरच्यांचे किती कष्ट मातीमोल होतात, हे तरी हाताला कळेल.

रेक्टर सरांनी जागा द्यावी. कुदळ आम्ही आणतो.