ऱ्हस्व-दीर्घाचे राज्य

लिपी हे भाषेचे केवळ वस्त्र आहे. ते बदलले तरी आतले शरीर तेच राहते, असे मराठीच्या अध्यापनात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. विधान निरुपद्रवी दिसते. परंतु ज्या समाजात वेलांटी पहिली की दुसरी यावरून माणसाच्या विद्वत्तेचा, आणि पुष्कळदा त्याच्या कुळाचाही, अदमास बांधला जातो, त्या समाजाने तरी ते करू नये. तेथे चिन्ह अर्थ वाहून नेत नाही. ते अर्थ निर्माण करते. 'अशुद्ध' नावाचा माणूस हा अशाच एका चिन्हाने निर्माण केलेला अर्थ आहे.

मोडी लिपीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिचा संबंध यादवांच्या हेमाद्रीशी जोडणारी कथा इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, शिवकाळातील आणि पेशवाईतील दफ्तरी व्यवहार प्रामुख्याने मोडीत झाला हे निर्विवाद आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढावी आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जावे, ही तिची रीत. तिच्यात इकार एकच आणि उकारही एकच. तह, निवाडे, वतनांचे कागद, फौजेचे हिशेब या लिपीत लिहिले गेले आणि ज्यांनी वाचायचे त्यांनी ते बिनचूक वाचले. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले म्हणून कोणाचे वतन बुडाले नाही. लिपीत तो भेदच नसल्याने ती चूकही अस्तित्वात नव्हती.

पुढे छापखाना आला. विल्यम केरीने श्रीरामपुरात १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते बालबोधीत, आणि १८१० साली कोश छापला तो मोडीत. म्हणजे प्रारंभी निवड अनिश्चित होती. अखेरीस मुद्रणाने बालबोधी पत्करली. निर्णय सोयीचा होता, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोयीला पावित्र्य चिकटवण्याची. संस्कृतसाठी घडलेली चिन्हव्यवस्था मराठीवर आली आणि तिच्यासोबत संस्कृतचे ऱ्हस्व-दीर्घही आले. मराठी उच्चारात इकार-उकारांची लांबी बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरते. अर्थभेद तिच्यावर क्वचितच अवलंबून असतो. १९६२ साली शासनाने स्वीकारलेल्या चौदा नियमांनी आणि १९७२ साली त्यांत पडलेल्या चार नियमांच्या भरीने हे काही प्रमाणात मान्यही केले. शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ, हा नियम मराठी कानाला धरूनच आहे. मात्र तत्सम शब्दांना सवलत राहिली. 'गरीब' आणि 'वकील' हे अरबीतून आलेले शब्द मराठीच्या नियमाने चालतात, 'मंदिर' मात्र संस्कृतच्या नियमाने. 'कवी' दीर्घ, 'कविमन' ऱ्हस्व. मराठी लिहिण्यासाठी मराठी येणे पुरेसे नाही, कोणता शब्द कोणत्या घरातून आला हेही ठाऊक असावे लागते. शब्दांची ही कुळपरीक्षा अखेर लिहिणाऱ्याच्या कुळपरीक्षेपर्यंत जाते.

याउलट जो भेद मराठीच्या जिभेवर खरोखर आहे, त्याला लिपीत स्थान नाही. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य यांतील ज वेगवेगळे उच्चारले जातात, लिहिले जातात एकसारखे. त्यावाचून कोणाचे अडले नाही आणि कोणी त्यास अशुद्ध म्हटले नाही. संस्कृतने न केलेला भेद दुर्लक्षिला तरी चालतो, संस्कृतने केलेला भेद चुकला तर गुण कापले जातात. या व्यवहाराला भाषाशास्त्र म्हणता येत नाही.

त्याचे खरे नाव कळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाकडे जावे. जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त फुल्यांची जी संभावना केली, तीत त्यांच्या मुद्द्यांइतकाच त्यांच्या भाषेचा आणि व्याकरणाचा उपहास होता. प्रश्न गुलामीचा होता, परीक्षा व्याकरणाची झाली. आरोपाला उत्तर द्यावयाचे नसले की आरोप करणाऱ्याचे लेखन तपासावे, ही युक्ती तेव्हापासून मराठीत जुनी झालेली नाही.

नियमनिष्ठांचा आक्षेप ठरलेला आहे: नियम सोडले तर 'दिन' आणि 'दीन' यांत फरक कसा उरणार? 'जरा'त जसा उरतो तसाच, संदर्भाने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोशाला, मुद्रणाला आणि आता संगणकावरील शोधाला लेखनाची एकरूपता हवी. ती अवश्य असावी. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने चालवण्याचा नियमही आवश्यकच असतो; पण उजव्या बाजूने जाणाऱ्याला कोणी अपवित्र म्हणत नाही. एकरूपता हा संकेत आहे, आणि 'शुद्ध' हा शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या घरातला आहे. संकेताला तो शब्द लावला त्याच दिवशी नियम मोडणे ही चूक न राहता विटाळ झाला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या पुराव्यांवर हा अभिमान उभा आहे, ते प्राकृत शिलालेख आणि ग्रंथ आजच्या नियमावलीने तपासले तर त्यांपैकी एकही उत्तीर्ण होणार नाही. पूर्वजांना जी सूट आदराने दिली जाते, ती शाळेतल्या पोराला निदान दयेने तरी मिळावी. तोवर त्याच्या वहीवर उमटणारी तांबडी रेघ त्याला मराठी शिकवीत नाही. मराठी आपली नाही, एवढेच ती त्याला शिकवते.