न सुटणारा नट



व्यापाऱ्याच्या घरी दुचाकी ही चैनीची वस्तू नसते, तराजूइतकेच ते कामाचे साधन असते. माझ्या भाच्याचे जोतिबाच्या डोंगरावर नारळ-खोबऱ्याचे लहानसे दुकान आहे. राहणे मात्र कोल्हापुरात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंचीवरील त्या डोंगराचा घाट त्याची शंभर सीसीची मोटारसायकल माल घेऊन रोज चढते. खालच्या गियरमध्ये ओझे ओढणाऱ्या इंजिनाचे तेल सपाटीवरील गाडीपेक्षा लवकर निकामी होते, म्हणून ते वेळेवर बदलावे हा आग्रह माझाच. गॅरेजची मजुरी वाचवून ते घरीच बदलावे, हा आग्रहही माझाच.

माघातील खेट्यांच्या आदल्या दिवशीची, शनिवारची गोष्ट. रविवारी पहाटेपासून कोल्हापूरकर अनवाणी पायांनी डोंगर चढू लागतात. त्या दिवसाची विक्री आठवडाभराच्या विक्रीला भारी असते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून आम्ही अंगणात दिवा लावला आणि इंजिनाखाली परात ठेवली. तेल सोडण्याचा जो नट (खरे तर तो बोल्ट, पण आपल्याकडे सारे नटच म्हणतात) तो १७ नंबरच्या पान्याचा. मी हाताशी होता तो जुना, तोंड फाकलेला फिक्स पाना लावला आणि जोर दिला.

येथेच पहिली चूक झाली. नटाच्या डोक्याकडे खालून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने सुटतो. परंतु गाडीवर ओणवे होऊन वरून पाहणाऱ्यास तीच दिशा काट्यांची भासते. मी वरून पाहत होतो. सोडण्याच्या समजुतीने मी तो आवळीत होतो! चूक ध्यानी येऊन दिशा बदलली तेव्हा पाना घसरला आणि नटाचे षटकोनी डोके जवळजवळ गोल झाले.

भाचा म्हणाला, “मामा, राहू द्या आता. सोमवारी नेतो की मेकॅनिककडे.”

त्याचे ऐकले असते तर काहीही बिघडले नव्हते. तेल जुने असले तरी इंजिनात होते, नट घट्ट होता, गाडी रविवारी घाट चढली असती. परंतु आरंभिलेले काम अर्धवट सोडणे मला कमीपणाचे वाटले. मी छिन्नी मागविली, डोक्याच्या कडेवर टेकवून हातोडीचे घाव घातले. नट दोन-तीन फेरे फिरला, आणि मग फिरतच राहिला. बाहेरही येईना, आतही बसेना. नट पोलादाचा, इंजिनाचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा. अति आवळल्याने नेहमी मऊ धातूचेच आटे जातात. फटीतून तेलाची धार लागली.

रात्रभर तेल ठिबकत होते. धावपळीत परातीवर झाकण घालण्याचे राहिले. पहाटे पाहिले तर दिव्याच्या उजेडाला आलेली चिलटे व दोन पाखरे तेलात पडून मेलेली. मजुरीचा, विक्रीचा हिशेब मी नंतर केला. ते दृश्य मात्र प्रथम टोचले. मुनींच्या पाच समित्यांत वस्तू उचलणे-ठेवणे आणि टाकाऊ पदार्थाचा त्याग करणे यांविषयी दोन स्वतंत्र समित्या आहेत, हे पाठशाळेत मुलांना मीच सांगत आलो आहे. गृहस्थाला एवढे तर जमावे, की तेलाचे काम दिवसाउजेडी करावे आणि भांडे झाकावे.

भाचा पहाटे भाविकांबरोबर पायी डोंगर चढला. दुकान दोन तास उशिरा उघडले.

सोमवारी मेकॅनिकला घरी बोलावले. चैत्र यात्रेत भाविकांच्या गाड्या विनामूल्य दुरुस्त करून देणारे मेकॅनिक कोल्हापुरात आहेत, त्यांच्यापैकीच हा एक. त्यामुळे उपदेशही त्याने विनामूल्य केला. नटाच्या कॉलरखाली पातळ स्क्रूड्रायव्हर सारून त्याने तो हलकेच खाली ओढून धरला आणि ओढता ओढता फिरविला. उरलेल्या आट्यांना पकड मिळाली व नट निघाला; त्याच्या अंगाला ॲल्युमिनियमचा तुकडा-तुकडा गुंडाळलेला होता. डोके गोल झाले तेव्हाच थांबून काय करावयाचे होते, तेही त्याने सांगितले. प्रारंभीच सहा कोनांची गोटी वापरावी. डोके गोल झालेच, तर बाजू कानशीने थोड्या घासून एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवावी आणि लांब दांड्याने सावकाश सोडवावे. ज्वाला लावण्याचे मात्र तेलाजवळ नावही काढू नये.

गेलेल्या आट्यांवर टेप गुंडाळून किंवा एमसील भरून चालत नाही. गाडी टेम्पोतून उद्यमनगरात नेली. तेथील कारागिराने भोक मोठे करून नवे आटे पाडले व त्यात पोलादी तारेचे वेटोळे, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, ते बसविले. कीस आत जाऊ नये म्हणून हत्याराला ग्रीस लावले होते. शेवटी थोडे स्वच्छ तेल ओतून तेही बाहेर सोडले. नवा नट, नवा वायसर. नट प्रथम बोटांनीच पूर्ण बसविला, पाना लावला तो अखेरच्या आवळीपुरता.

काळे तेल डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात दिले. शेजाऱ्यांनी ते वाळवी लागलेल्या चौकटीला फासण्यासाठी मागितले होते. वाळवीचा विचार करून मी नकार दिला. तसेही २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते.

वाचविलेली मजुरी दीडशे रुपये. त्या रविवारी विक्री किती बुडाली, हे भाच्याने मला अद्याप सांगितलेले नाही.