कारखानदाराचें मनोबल

ज्या घरांत एखादा कारखाना किंवा पेढी चालते, त्या घरच्या मंडळींना एक अनुभव हमखास आलेला असतो. कर्ता पुरुष रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत असतो, आणि सकाळीं कोणीं विचारलें तर "कांहीं नाहीं, जरा पित्त झालें आहे," असें म्हणून वेळ मारून नेतो. व्यापार म्हटला कीं चिंता आलीच. परंतु ती एकट्यानें गिळणें हेंच मनोबल, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती सर्वथैव चुकीची होय.

खरें मनोबल कसें असतें, हें कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या चरित्रांत पाहावें. चित्रकार होण्याच्या हेतूनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण कांहीं रंगांतील भेद आपणांस ओळखतां येत नाहीं, असें त्यांना कळून आलें. दुसरा एखादा दैवाला बोल लावीत घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, परंतु रेखा सोडली नाहीं. ते यंत्रांचीं चित्रें काढण्यास शिकले, व पुढें तोच विषय शिकवूं लागले. बढतीची पाळी आली असतां ती दुसऱ्यास मिळाली. तेव्हां नोकरीवर पाणी सोडून बंधु रामुअण्णा यांच्यासह बेळगांवीं सायकलींच्या धंद्यांत त्यांनीं लक्ष घातलें. नंतर लोखंडी नांगर केला, तर लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें शेतकरी तो घेईनात! तरी नांगर करणें थांबलें नाहीं. पुढें बेळगांवची जागाहि सोडावी लागली. तेव्हां औंधच्या अधिपतींनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें, आणि १९१० सालीं त्या निवडुंगाच्या रानांत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या सर्व प्रसंगांत एक सूत्र दिसतें. गेलें तें किती, यापेक्षां हातीं उरलें तें काय, इकडे त्यांची दृष्टि होती. दुसरें असें कीं, ते एकटे नव्हते. पाठीशीं भाऊ होता, स्नेही होते.

आपल्या घरच्या कर्त्या पुरुषांनींहि आठवड्यांतून एकदां भावाजवळ, पत्नीजवळ किंवा वडील माणसाजवळ बसून देणेंघेणें कागदावर मांडावें. अंधारांत दोरीचा साप होतो. दिवा लावला कीं ती दोरीच असते. क्वचित् खरोखरच साप निघाला, तर निदान काठी शोधतां येते. महत्त्वाचा निर्णय रात्रीं जागून घेऊं नये, सकाळच्या ताज्या मनानें घ्यावा. आणि घरच्या मंडळींनीं "आतां कसें व्हायचें?" असा धोशा न लावतां "आपल्याजवळ अजून काय आहे?" एवढेंच शांतपणें विचारावें. कर्त्या पुरुषाला सकाळीं पित्ताचें निमित्त सांगण्याची पाळी मग येणार नाहीं.