‘तुम्हांला कोणते कपडे आवडतात?’ : एका साध्या प्रश्नाविषयी



मराठीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत इंग्रजी संभाषण चाचणीचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, संसार आणि अभ्यास ही तिन्ही कामे एकाच वेळी सांभाळत आहेत. परदेशी रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या परिचारिका, पुढील शिक्षणासाठी बाहेर जाऊ पाहणारे तरुण, कंपनीत बढतीच्या मुलाखतीला सामोरे जाणारे कर्मचारी, या सर्वांना आज ना उद्या इंग्रजीत तोंडी परीक्षा द्यावी लागते. तेथे आरंभी राजकारण किंवा अर्थकारण यांविषयीचे प्रश्न येत नाहीत. अगदी घरगुती प्रश्न येतात. तुम्हांला कोणत्या प्रकारचे कपडे आवडतात? कामावर जाताना आणि सुटीच्या दिवशी तुम्ही वेगवेगळे कपडे घालता का? लहानपणी तुमची आवड वेगळी होती का? हे प्रश्न इतके साधे असतात की त्यांची तयारी करावी असे कुणाला वाटत नाही. आणि नेमके येथेच अनेक जण अडखळतात.

या अडखळण्याविषयी माझे मत आरंभीच सांगतो. ते इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानामुळे घडते हे खरे. परंतु त्याहूनही अधिक ते स्वतःच्या आवडीविषयी कोणत्याच भाषेत सकारण न बोलल्यामुळे घडते. म्हणून त्यावरील उपायाचा आरंभ मराठीतूनच व्हावयास हवा.

प्रथम चाचणीचे स्वरूप पाहू. आयेल्ट्स या सर्वपरिचित परीक्षेतील संभाषण चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते. तिचे तीन भाग असतात. पहिल्या चार-पाच मिनिटांत परीक्षक परिचित विषयांवर प्रश्न विचारतो : घर, काम, गाव, छंद, कपडे. दुसऱ्या भागात एक मिनिट विचार करून, दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे सलग बोलायचे असते. तिसऱ्या भागात त्याच विषयाच्या व्यापक बाजूंची चर्चा होते. गुणांकन चार निकषांवर होते : बोलण्यातील ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा विस्तार व अचूकपणा, आणि उच्चार. या चारही निकषांना सारखेच वजन आहे. तुमची आवड आधुनिक आहे की जुनी, कपडे महाग आहेत की स्वस्त, याला एकही गुण नाही. आवड कशी सांगता, एवढेच तेथे पाहिले जाते.

ही गोष्ट पुरेशी लक्षात न घेतल्यामुळे तयार उत्तरांचा बाजार चालतो. शिकवणीत किंवा बाजारातील पुस्तिकेत एक नमुना उत्तर मिळते : ‘मला जीन्स आणि टी-शर्ट आवडतात, कारण ते आरामदायक असतात आणि त्यांमुळे आत्मविश्वास वाढतो.’ जन्मभर साडी नेसलेली चाळिशीतील विद्यार्थिनी हे उत्तर इंग्रजीत पाठ करते. परीक्षक सहज पुढचा प्रश्न टाकतो : तुम्ही शेवटची जीन्स कोठून घेतली? येथे पाठांतर संपते आणि शांतता पसरते. ज्या वस्तूशी आपला संबंधच नाही, तिच्याविषयी दुसरे वाक्य कोठून येणार? शिवाय पाठ केलेले बोलणे ओळखण्याचा परीक्षकांना सराव असतो. आधी वेगाने आलेली सुबक वाक्ये आणि नंतर अडखळत आलेला एकेक शब्द, यांतील अंतर कानाला लगेच कळते.

आता भाषाशास्त्राच्या अंगाने थोडे पाहू. ‘मला सुती साडी आवडते’ आणि ‘मला सुती कपडे आवडतात’ ही दोन वाक्ये घ्या. क्रियापदाचे रूप ‘साडी’ आणि ‘कपडे’ यांच्याप्रमाणे बदलले. ‘मी’ मात्र ‘मला’ होऊन बाजूला राहिला. मराठीत आवड ही माणसाने करायची क्रिया नाही. ती त्याच्याकडे चालत येते. ‘रुचणे’ या अर्थाच्या धातूंबाबत ज्याला ते रुचते त्याला संप्रदान मानावे, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीत सांगितला आहे. त्याच प्रकारची रचना आपल्या मराठीत आजही रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत मात्र ‘आय लाइक’ म्हणताना बोलणारा स्वतः कर्ता होतो. गंमत अशी की प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘रुचणे’ असाच होता आणि ज्याला रुचते तो तेथेही आपल्या ‘मला’सारख्याच विभक्तीत येत असे. पुढे कित्येक शतकांच्या ओघात ती रचना पालटली. तेव्हा ‘मला आवडते’पासून ‘आय लाइक’पर्यंतची जी वाट आपल्याला कठीण वाटते, ती इंग्रजी भाषा स्वतःही चालून आलेली आहे.

दुसरे उदाहरण क्रियापदांचे. आपण सदरा घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो आणि पदर घेतो. शिवलेल्या वस्त्राला एक क्रियापद, कमरेभोवती गुंडाळायच्या वस्त्राला दुसरे, अंगावर ओढून घ्यायच्या वस्त्राला तिसरे. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘वेअर’ या एकाच क्रियापदाने काम भागते. आणि ‘माळ घालणे’ म्हणजे केवळ गळ्यात काही अडकवणे नव्हे, तर वारकरी होणे, हे देहूच्या परिसरात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. याचा अर्थ मराठी श्रेष्ठ आणि इंग्रजी तोकडी असा मुळीच नाही. प्रत्येक भाषा काही भेद नोंदवते आणि काही सोडून देते. परंतु जे भेद तुमच्या भाषेने तुमच्या मनात आधीच आखून ठेवले आहेत, तेच तुमच्या उत्तराचे भांडवल आहेत. नऊवारी म्हणजे नऊ वारांचे वस्त्र. त्याचा कासोटा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे राहतात, शेतात वाकून काम करता येते. एवढे साध्या इंग्रजीत सांगता आले, तर परीक्षकाला ‘नऊवारी’ हा शब्द ठाऊक नसला तरी बिघडत नाही. नेमका शब्द नसताना वेगळ्या शब्दांत आशय समजावून देणे, हे कौशल्य शब्दसंपत्तीच्या निकषात प्रत्यक्ष मोजले जाते.

आता आवडीच्या कारणांकडे वळू. तुम्ही देहूरोडला राहत असाल, तर ही कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. हे छावणीचे गाव. लष्कराची भांडारे आणि आयुध निर्माणी यांच्यामुळे देशाच्या अनेक भागांतील माणसे येथे आली, आणि पुणे-लोणावळा लोकलच्या या स्थानकावर अनेक भाषा व अनेक पेहराव एकत्र दिसतात. येथे असंख्य माणसांच्या दिवसाचा मोठा भाग गणवेशात जातो. स्फोटकांशी संबंधित कामात सुती कपड्यांचा आग्रह धरला जातो, कारण कृत्रिम धाग्यांच्या घर्षणातून स्थिर विद्युत निर्माण होऊन ठिणगी पडण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी काम करणारा माणूस ‘मला सुती कपडे आवडतात’ म्हणाला, तर त्या वाक्यामागे केवढे तरी जगणे उभे असते. आणि तोच माणूस ‘आठवड्यातील सहा दिवस माझे कपडे मी निवडत नाही, म्हणून रविवारी मी रंगीत सदरा घालतो’ असे म्हणाला, तर त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेतील उत्तराहून सरस ठरेल. ते त्याचे स्वतःचे असल्यामुळे पुढच्या प्रश्नालाही तो डगमगणार नाही.

तरीही अनेकांना, विशेषतः विद्यार्थिनींना, हा प्रश्न मराठीत विचारला तरी उत्तर सुचत नाही. ‘काय परवडते’, ‘घरात काय चालते’, ‘लोक काय म्हणतील’ हे त्या चटकन सांगतात; ‘मला काय आवडते’ यापाशी थांबतात. ‘पदरी पडले, पवित्र झाले’ ही म्हण आपल्या समाजाने बायकांना उगीच शिकवलेली नाही. वस्त्र निवडण्याचा अधिकार आपल्याकडे सर्वांना सारखा कधीच नव्हता. कोणी काय नेसावे, कसे नेसावे, कोणत्या धातूचे दागिने घालावेत, हे जात आणि लिंग पाहून ठरत असे. 1927 च्या डिसेंबरात महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि अंगावरील विशिष्ट दागिने ही अस्पृश्यतेची ओळखचिन्हे झाली आहेत, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. कपड्यांच्या किमतीपेक्षा त्यांच्या स्वच्छतेला त्यांनी महत्त्व दिले. म्हणजे नेसण्याची रीत हा त्यांच्या दृष्टीने स्वाभिमानाचा प्रश्न होता. याच बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या विहारात जाणाऱ्या शुभ्रवस्त्रधारी उपासक-उपासिकांना विचारा. पांढऱ्या वस्त्राची निवड ही केवळ रंगाची निवड नाही, हे ते सांगतील. तेव्हा ‘तुम्हांला काय घालायला आवडते?’ हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. तो आपल्याला विचारला जाऊ शकतो आणि आपण त्याचे उत्तर देऊ शकतो, या स्थितीपर्यंत येण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांना झगडावे लागले आहे.

असे उत्तर इंग्रजीत, अनोळखी श्रोत्यांसमोर, एका मराठी मुलीने फार पूर्वी दिलेले आहे. 1883 मध्ये अमेरिकेला वैद्यकीय शिक्षणासाठी निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे इंग्रजीत जाहीर भाषण केले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मी का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर बहिष्कार पडेल त्याचे काय, अशा लोकांच्या प्रश्नांना त्यांनी त्या भाषणात क्रमाने उत्तरे दिली. आपण आपल्या चालीरीती, आहार आणि पोशाख बदलणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील 1885 चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानी विद्यार्थिनी केइको ओकामी आणि आपल्या देशाच्या वेषातील सीरियाची साबात इस्लामबूली एकत्र दिसतात. परकी भाषा शिकणे म्हणजे परकी आवड उसनी घेणे नव्हे, हे ते छायाचित्र सांगते. उद्या एखादीने मनापासून जीन्स निवडली, तर तीही तितकीच तिची आहे. अट एवढीच की ती निवड तिची असावी.

येथे एक आक्षेप येईल. ‘मराठीत विचार करून इंग्रजीत बोलू नका, त्याने भाषांतरित, अवघडलेले इंग्रजी येते’ असे अनेक शिक्षक सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. वाक्य मराठीत जुळवून शब्दाला शब्द बसवीत गेल्यास बोलणे अडखळते आणि रचनाही चुकते. ‘मला आवडत आहे’ या धर्तीवर ‘आय अ‍ॅम लायकिंग’ येते, किंवा मराठीप्रमाणे क्रियापद वाक्याच्या टोकाला जाते. परंतु वाक्याचे भाषांतर आणि विचाराची तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. परीक्षेच्या खोलीत भाषांतर करीत बसू नये; परंतु आपल्याला काय आवडते आणि का, हे ठरवण्याचे काम त्या खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी झालेले असावे. ते काम ज्या भाषेत आपण सर्वांत खोलवर विचार करतो त्याच भाषेत होते. त्याचबरोबर हेही मान्य करावे की मराठी इंग्रजीच्या सरावाची जागा घेऊ शकत नाही. काळांचा वापर, उच्चार आणि ओघ यांसाठी इंग्रजीत, मोठ्याने आणि रोज बोलावेच लागेल. मराठी तुम्हांला सांगण्यासारखे काही देईल; ते सांगण्याची सवय इंग्रजीतच लावावी लागेल.

म्हणून एक स्वाध्याय सुचवितो. त्याला शिकवणी लागत नाही. घरातील एक वस्त्र निवडा, जे तुम्ही खरोखर वापरता. त्याच्याविषयी मराठीत पाच वाक्ये लिहा : ते कोणते आहे, कोठून आले, कधी वापरता, का आवडते, आणि ते वापरताना कसे वाटते. ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘आरामदायक’ हे तीन शब्द टाळा, म्हणजे खरे कारण शोधावेच लागेल. नंतर वही मिटा आणि तोच आशय इंग्रजीत, लहान वाक्यांत, मोठ्याने बोला. शब्द अडला तर त्याचा अर्थ समजावून पुढे जा, थांबू नका. दुसऱ्या दिवशी दुसरे वस्त्र घ्या. शक्य असल्यास घरातील कोणाला तरी मध्येच एक अनपेक्षित प्रश्न विचारायला सांगा. पंधरवडाभर हे केल्यावर प्रश्न कपड्यांविषयी असो, जेवणाविषयी असो वा गावाविषयी, उत्तर पाठ करण्याची गरज वाटेनाशी होईल.

मराठीचा अभ्यास केल्यामुळे आपण इंग्रजीत मागे पडू, ही भीती तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असते. माझे मत याच्या उलट आहे. शब्दाच्या छटा पारखणे, कारण नेमके मांडणे, अनुभवाला वाक्याचा आकार देणे हेच तर तुम्ही या अभ्यासक्रमात शिकत आहात. तो अभ्यास बरोबर घेऊन परीक्षकासमोर बसा, आणि अंगावर कोणताही पेहराव असला तरी उत्तर स्वतःचे द्या.