दार बंद, पण कुलूप नको

बँकेतल्या नोकरीने मला दार बंद करायला शिकवले. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे. तपासणीला आलेला साहेब आधी कुलूप ओढून पाहायचा. निवृत्तीनंतर कुरुळीत मुलीकडे राहायला आलो आणि ही विद्या अर्धवट असल्याचे कळले.

इथे प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी अग्निरोधक दार आहे. वरच्या मजल्यांवर ते विटा लावून सताड उघडे. खाली चोरांच्या भीतीने कुलूपबंद! नेमके उलटे. ज्वाळांआधी धूर माणसाला गाठतो, आणि उघडा जिना म्हणजे धुराला आयते धुराडे. म्हणून दार आपोआप मिटले पाहिजे, पण बाहेर पळणाऱ्याने ढकलताच उघडलेही पाहिजे. मुंबईत 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या आगीत 14 जण गेले. त्यांतले अनेक वाट न सापडून प्रसाधनगृहात गुदमरले.

राज्याचा 2006 चा अग्निसुरक्षा कायदा दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मागतो. आमच्या सोसायटीच्या फायलीत ते आहे. पण वहीत शिल्लक जुळली तरी आम्ही रोज रोकड मोजत असूच ना? इथली मोजदाद फुकट आहे: दार पूर्ण उघडून सोडून द्या, खटक्यापर्यंत स्वतःहून मिटते का पाहा. आमच्याकडची तीन दारे मध्येच अडकली.

मी विटा काढल्या. संध्याकाळी त्या पुन्हा जागेवर. "काका, वारा येत नाही हो," सेक्रेटरी म्हणाले. आणि कुलपाची किल्ली? ती वॉचमनकडे असते. वॉचमन रात्री फाटकावर, इमारतीच्या दुसऱ्या टोकाला.