धुराचा नियम आणि लहान धंद्याचे म्हणणे

मुंबईच्या हवेच्या प्रश्नाची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ९ जानेवारी २०२५ रोजी त्या प्रकरणात बेकऱ्या व उपाहारगृहांविषयी आदेश दिला. लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्याव्यात, असे त्यात सांगितले होते. प्रशासनाने आधी एक वर्षाची मुदत ठरविली होती. ती निम्म्यावर आली. त्याच्या वर्षभर आधी, २०२३ च्या अखेरीस, झवेरी बाजार व काळबादेवी परिसरातील सोने-चांदी वितळविणाऱ्या कारखान्यांची धुराडी महापालिकेने हटविण्यास आरंभ केला होता.

या आदेशांमागील हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. भट्टीचा धूर प्रथम भट्टीवरच्या कारागिराच्या आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छातीत जातो. मालकाचे घरही पुष्कळदा त्याच गल्लीत असते. तथापि मुदतीचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या बेकरीची भट्टी विटांची, जागेतच बांधलेली असते. ती मोडून नवी बसवायची तर जागामालकाची संमती, वाढीव वीजभार किंवा गॅसची जोडणी, अग्निशमन दलाची परवानगी आणि बँकेचे कर्ज एवढे सारे जुळून यावे लागते. यांपैकी एकही गोष्ट बेकरीचालकाच्या हाती नसते. मुदत ठरविताना हा हिशेब कोणी मांडला होता काय, हा खरा प्रश्न आहे. आदेशानंतर बेकरीचालकांनी मुदतवाढ मागितली. परंतु निर्णय झाल्यावर केलेली विनंती आणि निर्णयापूर्वी मांडलेला हिशेब यांचे वजन सारखे नसते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी स्थिर खर्चाचा नियम शिकतो. धूर शुद्ध करणारे यंत्र, तपासणी, संमतिपत्र, सल्लागाराचे शुल्क हे खर्च उलाढालीच्या प्रमाणात कमी होत नाहीत. मोठा कारखाना ते लाखो नगांवर विभागतो. लहान कारखान्याच्या प्रत्येक नगावर त्यांचा भार जड पडतो. दंडाचेही तसेच आहे. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार वायू कायद्यातील अनेक उल्लंघनांना तुरुंगवासाऐवजी आर्थिक दंड आला. तो दहा हजारांपासून पंधरा लाख रुपयांपर्यंत असू शकतो. तुरुंगाची भीती गेली हे चांगलेच झाले. पण पंधरा लाखांचा आकडा मोठ्या कंपनीला आणि चार कामगारांच्या कारखान्याला सारखा नाही.

मग लहान व्यापाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची सोय कायद्यात आहे काय? आहे, पण अपुरी. १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यानुसार राज्य मंडळावर शासनाने नेमावयाचे अशासकीय प्रतिनिधी जास्तीत जास्त तीन. या तीन जागांत शेती, मत्स्यव्यवसाय, उद्योग, व्यापार, कामगार आणि अन्य हितसंबंध या सर्वांची सोय लावायची आहे. उद्योगाच्या वाट्याला एखादी जागा आली तरी ती लहान उद्योगालाच मिळावी, असे बंधन नाही. ज्या संघटनेकडे कार्यालय, वकील आणि अभियंते आहेत तिचाच माणूस तेथे पोहोचणे स्वाभाविक ठरते.

या बाबतीत अमेरिकेने १९९० मध्ये आपल्या स्वच्छ हवा कायद्यात केलेली तरतूद पाहण्यासारखी आहे. शंभरपर्यंत कामगार असलेले आणि कोणत्याही एका प्रदूषकाचे वर्षाला पन्नास टनांहून कमी उत्सर्जन करणारे उद्योग तिने वेगळे काढले. अशा उद्योगांना तांत्रिक साहाय्य, त्यांची गाऱ्हाणी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी आणि निदान सात जणांचे सल्लागार मंडळ देणे प्रत्येक राज्यावर बंधनकारक झाले. सातांपैकी चार सदस्य लहान उद्योगांचे मालक किंवा त्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांची निवड विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सत्ताधारी व विरोधी पक्षांचे नेते करतात. दोन सदस्य मात्र अशा उद्योगांशी संबंध नसलेले, सर्वसामान्य जनतेच्या वतीने बसणारे असतात. ही रचना विचारपूर्वक केलेली दिसते. ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो आणि ज्याच्या नाकात तो जातो, ते दोघेही एकाच बैठकीत असतात. पुढे १९९६ च्या कायद्याने आणखी एक पायरी जोडली. अनेक लहान उद्योगांवर मोठा परिणाम करणारा नियम प्रस्तावित करण्यापूर्वी तेथील पर्यावरण संस्थेने त्यांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकायचे आणि साठ दिवसांत त्याचा अहवाल तयार व्हायचा. त्यातील सूचना मान्य करण्याचे बंधन नाही. पण म्हणणे कागदावर येते आणि पुढे त्याचे उत्तर द्यावे लागते.

भारतातील एक जुने उदाहरण अधिक बोलके आहे. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील २९२ कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळण्याचा अथवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला. फिरोजाबादच्या काचभट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर चालत आलेल्या. वायू आला, तरी त्यावर कार्यक्षमतेने चालणारी लहान भट्टी तयार नव्हती. दिल्लीच्या टेरी या संस्थेने स्विस साहाय्याने तेथे काम केले. वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरणारी वायुभट्टी तिने एका स्थानिक कारखान्यात प्रत्यक्ष चालवून दाखविली. इंधनाची बचत डोळ्यांनी दिसल्यावर इतरांनी तीच रचना उचलली. भट्टीजवळ उभे राहून केलेल्या अभ्यासाने जे साधले, ते केवळ हुकुमाने साधले नसते.

हा विषय मुंबईपुरता राहणार नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, नाशिक ही शहरेही आहेत. डाळमिल, बॉयलर, जनित्र, ओतशाळा यांच्यापर्यंत नियम आज ना उद्या पोहोचणारच. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आधी काही कामे करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आपला धंदा लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे प्रत्येकाने जाणून घ्यावे. संमतीचे नियम त्यावर अवलंबून असतात. पर्यावरणविषयक मसुदे राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि हरकती-सूचनांसाठी सहसा साठ दिवस मिळतात. गावातील व्यापारी संघाने ते वाचण्याचे काम एका जाणत्या सभासदाकडे सोपवावे. सूचना पाठविताना ‘आम्हांला परवडत नाही’ एवढेच लिहून भागत नाही. दरमहा किती इंधन लागते, पर्यायी यंत्राची किंमत किती, कर्जफेडीस किती वर्षे लागतील, गॅस किंवा वीजजोडणी केव्हा मिळू शकेल आणि त्यानुसार किती मुदत हवी, हे आकड्यांनिशी मांडावे. दहा दुकानांच्या वह्यांतून काढलेला असा एक तक्ता शंभर सह्यांच्या निवेदनाहून अधिक काम करतो.

त्या तक्त्यात शेवटची ओळ मात्र धूर केव्हा बंद होईल याची असावी. मुदत मागणारा ती तारीख स्वतःहून लिहून देतो, तेव्हाच त्याच्या बाकीच्या आकड्यांवर समोरच्याचा विश्वास बसतो. व्यापारात पत अशीच वाढते. शासनदरबारीही ती निराळ्या रीतीने वाढत नाही.